गोचीड रानातून येते की गोठ्यातून?



डहाणू-तलासरीकडच्या कुठल्याही पाड्यावर संध्याकाळी जाऊन बसा. गुरे रानातून परत येतात, दावणीला लागतात, आणि घरातले कोणी म्हातारे माणूस बैलाचा कान उलटा करून गोचिडी ओढायला बसते. ओढलेली गोचीड कोणी दगडावर ठेवून ठेचतो, कोणी अंगठ्याच्या नखाने फोडतो, हात फडक्याला पुसतो आणि पुढच्या कानाकडे वळतो. अशा वेळी विचारून पाहा, “बाबा, एवढी गोचीड आली कुठून?” उत्तर ठरलेले असते. “रानातून. रान आहे तोवर गोचीड असायचीच.”

हे उत्तर अर्धे खरे आहे. पण ह्या अर्ध्या उत्तरापायीच आपण गोचिडीपुढे हात टेकून बसलो आहोत. रान काही धुता येत नाही, तेव्हा गोचीडही घालवता येणार नाही, असा सरळ हिशेब त्यातून निघतो. आज मला बोलायचे आहे ते उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल, कारण आपल्या हातात आहे तो तेवढाच.

हा विषय आता काढण्याचे कारण सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाची साथ चालू असतानाच, पालघर जिल्ह्याच्या प्रशासनाने एक सावधगिरीची सूचना काढली होती. शेजारच्या गुजरातमध्ये कोंगो ताप आढळल्याची बातमी होती. तलासरीची हद्द वलसाड जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याला आणि दादरा-नगर हवेलीला लागून आहे. गुरांची ने-आण त्या बाजूने नेहमीची. म्हणून पशुपालकांनी, मांसविक्रेत्यांनी आणि पशुसंवर्धन खात्याच्या लोकांनी जपून राहावे, असे त्या सूचनेचे सांगणे होते. साथीच्या धामधुमीत पुष्कळांच्या कानांवरून ती गेली. ज्यांनी ऐकली त्यांतल्या काहींनी घाबरून भलतेच प्रश्न विचारले: दूध प्यावे की नाही? गाय विकून टाकावी काय?

तर आधी हा ताप काय आहे ते पाहू. त्याचे पूर्ण नाव क्रिमियन-कोंगो रक्तस्रावी ताप. १९४४ साली क्रिमियात आणि १९५६ साली आफ्रिकेतल्या कोंगोत आढळलेले दोन ताप एकाच विषाणूचे आहेत हे पुढे १९६९ साली लक्षात आले, म्हणून हे जोडनाव. भारतात त्याची पहिली पक्की नोंद जानेवारी २०११ ची. अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यात कोलाट नावाचे गाव आहे, तिथली एक स्त्री ह्या तापाने दगावली. आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व शुश्रूषा करणारी परिचारिका, दोघांनाही त्याने गाठले व नेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तो विषाणू ओळखला. रोगी माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याला लागतो, हे किती भारी मोल देऊन कळले बघा.

आता ह्या विषाणूची खोड अशी, की तो गायबैल, शेळी, मेंढी यांच्या रक्तात आठवडाभर राहतो, पण जनावर आजारी दिसत नाही. चरते, रवंथ करते, दूध देते. म्हणजे जनावराच्या तोंडाकडे पाहून काही कळायचे नाही. तो माणसापर्यंत येतो तीन वाटांनी: गोचीड चावली तर, गोचीड फोडताना तिच्या पोटातले रक्त हाताच्या चिरेत गेले तर, किंवा अशा जनावराचे ताजे रक्त अंगाला लागले तर. उकळलेल्या दुधाने आणि चांगल्या शिजवलेल्या मांसाने तो येत नाही. तेव्हा गाय विकायचे कारण नाही. संध्याकाळी नखाने गोचीड फोडायची सवय मात्र आजपासून सोडा. भाताच्या कापणीत विळ्याने चिरलेला हात आणि गोचिडीचे रक्त, यांची गाठ पडता उपयोगी नाही.

गोचीड उघड्या हाताने काढू नये. हाताला प्लास्टिकची पिशवी किंवा जाड फडके गुंडाळावे, चिमटा असल्यास उत्तमच. कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढावी, पिळू नये. काढलेली प्रत्येक गोचीड झाकणाच्या डबीत, रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकावी. मग हात साबणाने धुवावेत. आपले बरेच लोक काढलेली गोचीड नुसती अंगणात फेकतात, आणि मला वाटते सगळ्यांत मोठी चूक तीच आहे. का, ते गोचिडीचे आयुष्य पाहिले म्हणजे ध्यानात येईल.

टपोरी, वाटाण्याएवढी, राखी रंगाची गोचीड तुम्ही पाहता ती मादी. ती रक्ताने भरली की आपणहून जनावराच्या अंगावरून गळते. तिचे गुरावरचे काम संपलेले असते. मग ती अंधारी, ओलसर फट शोधते आणि तिथे दोन-अडीच हजार किंवा त्याहूनही जास्त अंडी घालून मरते. एका मादीची दोन हजार अंडी! अंगणात फेकलेली भरली गोचीड ही मेलेली गोचीड नव्हे, ती पेरलेले बियाणे आहे. अंड्यांतून बाहेर येतात त्या मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, सहा पायांच्या गोचिडी. रक्त प्याले, कात टाकली, की त्यांना आठ पाय होतात. पुन्हा रक्त, पुन्हा कात, आणि मग पूर्ण वाढ.

आपल्याकडे गुरांवर मुख्यत्वे दोन तऱ्हेच्या गोचिडी दिसतात, आणि दोघींची रीत वेगळी आहे. एक तपकिरी, आखूड पायांची, कातडीला चिकटून राहणारी. ही पिल्लू असताना एकदा गुरावर चढली की सुमारे तीन आठवडे तिथेच राहते, तिथेच कात टाकते, तिथेच मोठी होते, आणि भरल्यावर एकदाच खाली गळते. गळण्याची तिची वेळ बहुधा पहाटेची-सकाळची; म्हणजे गुरे अजून दावणीला असतानाची. दुसरी थोडी मोठी, लांब पायांची. तिच्या पायांवर फिकट पट्टे असतात आणि ती चटचट पळते. कोंगो तापाचे घर आहे ते ह्या पट्टेरी पायांच्या जातीत. ती आयुष्यात दोनदा-तीनदा जनावरावर चढते आणि उतरते. मधला सगळा काळ तिचा मुक्काम भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांध्यांत, दगडांखाली, खांबाच्या बुडाशी. काहीही न खाता ती कित्येक महिने काढू शकते. महिनाभर गोठा मोकळा ठेवला म्हणून ती उपाशी मरेल, अशी आशा धरू नका.

आता सांगा, हिचे घर रानात झाले की आपल्या गोठ्यात?

हिशेबच करायचा तर असा करा. बैलाच्या अंगावर आज शंभर गोचिडी दिसतात. त्याच वेळी अंडी, पिल्ले आणि भुकेल्या गोचिडी मिळून त्याच्या कितीतरी पट खाली जमिनीवर आणि भिंतीत असतात. आपण बैल धुतो, औषध लावतो, शंभर मारतो. आठवड्याने पुन्हा तितक्याच. मग माणूस म्हणतो, “औषधात दम नाही.” औषध ठीक असते, ते लावायची अर्धी जागा राहून गेलेली असते.

आपल्या घरांचा प्रश्न ह्यात जरा नाजूक आहे, आणि त्यावर मी मुद्दाम थांबतो. वारली पाड्यांवरची जुनी घरे कारवीच्या कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिला की भिंत झाली. वर गवत, पेंढा किंवा कौल. बैल-गाय पुष्कळ घरांत त्याच छपराखाली, एका बाजूला बांधलेली. चोरापासून आणि बिबट्यापासून जनावर जपायचे तर हीच रीत शहाणपणाची होती. हे घर उन्हाळ्यात गार असते, स्वस्त असते, आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त होते. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण लेप वाळला, पोपडे सुटले, की कारवीच्या दोन काठ्यांमधली प्रत्येक फट ही गोचिडीची खोली होते. आणि मधल्या कुडाच्या पलीकडे घरातली मुले जमिनीवर निजलेली असतात.

गोचीड निर्मूलनाच्या पुस्तिकांतून एक उपाय नेहमी छापतात: गोठ्याच्या भिंती ज्वाळेच्या यंत्राने शेकून काढा. सिमेंटच्या गोठ्यात हा उपाय चांगला आहे. कुडाच्या, गवती छपराच्या घरात कोणी तो करू नये. गोचीड जळेल न जळेल, घर नक्की जळेल. लिहिणाऱ्याने मोठ्या डेअरीचा गोठा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. आपण आपल्या घराला लागू पडेल ते घ्यावे.

कुडाच्या घराला लागू पडते ते लिंपणे. सुटलेले पोपडे खरवडून काढा, खाली पडेल ती माती झाडून खड्ड्यात टाका आणि तिथे वाळला पाला घालून जाळा. मग शेणमातीचा नवा, दाट लेप द्या. त्यात चुना मिसळला तर जास्त चांगले. लेप माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत हवा, नुसता कमरेपर्यंत नको. कारण गोचीड वर चढते. गव्हाणीची लाकडे हलवून खालची जागा साफ करा. खांबाच्या बुडाशी चुना टाका. गोठ्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे रचलेली फाटकी गोणपाटे, मोडका नांगर, जुना पेंढा बाहेर काढा. सकाळी गुरे सुटल्याबरोबर गोठा झाडा, म्हणजे पहाटे गळलेल्या गोचिडी फटीत शिरण्याआधी सापडतील. हा केर उकिरड्यावर टाकू नका, जाळा.

कोंबड्या खाली पडलेल्या गोचिडी आवडीने टिपतात. जिथे कोंबड्या गोठ्यात फिरतात तिथे त्यांना फिरू द्यावे. फक्त गोठ्यात औषध मारले असेल तेव्हा काही दिवस त्यांना बाहेर ठेवा, नाहीतर गोचिडीच्या आधी कोंबडी जायची. गायबगळे व साळुंक्याही गुरांभोवती किडे टिपत असतात. पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

रानाचे अर्धे उत्तरही मी टाकून देत नाही. काही गोचिडी खरोखरच रानाच्या असतात. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. तोच माकडताप. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला दिसला आणि काजूच्या बागांत जाणाऱ्या लोकांना भोवला. तिथली गोचीड रानातली. माकडे, उंदीर-घुशी आणि चरायला आलेली गुरे यांच्यावर जगणारी. तिथे गोठा लिंपून सारे भागत नाही, रानात जाताना अंगाला औषध लावावे लागते. आपल्याकडेही डोंगरउतारावरच्या गवतात, सशा-रानडुकरांच्या वाटेवर गोचिडी असतात. पण त्यावर लोक जो उपाय करतात, गवताला काडी लावायचा, तो मला बिलकूल पटत नाही. वणव्याने काही गोचिडी मरतात हे खरे. पण ज्या गवताच्या विक्रीवर कितीतरी घरे दिवाळीनंतर जगतात ते गवत जाते, रोपटी जातात, आणि भिंतीतल्या गोचिडीचा केसही वाकडा होत नाही.

गुरांना गोचिडीमुळे काय होते, तेही सांगितले पाहिजे. एक मादी अर्धा ते दोन मिलिलीटर रक्त पिते. शंभर गोचिडी म्हणजे पावशेराच्या आसपास रक्त गेले म्हणा. नांगराच्या दिवसांत बैल बसतो, आपण त्याला आळशी म्हणतो. पण नुसते रक्त गेले असते तर चाऱ्याने भरून निघाले असते. गोचीड रक्तात रोग सोडते. एका रोगात ताप भरतो आणि लघवी तांबडी, चहाच्या पाण्यासारखी होते. दुसऱ्यात गळ्याखालच्या व खांद्यापुढच्या गाठी सुजतात, ताप हटत नाही, डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडते; ह्याला थायलेरिया म्हणतात. गावठी गुरे, डांगी गुरे अशा रोगांना बरीच टक्कर देतात. संकरित गाय किंवा तिचे वासरू मात्र चारसहा दिवसांत हातचे जाऊ शकते. जिल्ह्यात दापचरीला एके काळी मुंबईचे तबेले बाहेर आणण्याकरिता मोठा दुग्धप्रकल्प उभा राहिला, आणि नंतर योजनांतून घरोघरी संकरित गाई आल्या. गाय आली, तिला लागणारा स्वच्छ गोठा बहुतेक ठिकाणी आला नाही. दोन्ही रोगांवर औषधे आहेत, थायलेरियावर लसही आहे. पण तांबडी लघवी दिसल्यावर “उद्या पाहू” म्हणण्याइतका वेळ नसतो. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ हा फुकट फोन लावा, फिरत्या पथकासाठी तो क्रमांक आहे.

म्हातारी मंडळी बुळकांडीची आठवण काढतात. ती गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे करी. ती गेली. २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग बुळकांडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. लशीने गेली. त्यामुळे लोकांना वाटते की गोचिडीचीही अशी एक सुई असेल, सरकार देईल, आणि काम संपेल. पण बुळकांडी जनावराकडून जनावराला लागे. जनावरे सुरक्षित झाली आणि रोगाला राहायला जागा उरली नाही. गोचिडीच्या रोगाला राहायला गोचीड आहे, आणि गोचिडीला राहायला भिंत आहे.

गोचीड रोग वाहते हे माणसाला कळले त्यालाही फार काळ झालेला नाही. अमेरिकेत दक्षिणेकडची गुरे उत्तरेला नेली की तिथली गुरे तांबड्या लघवीच्या तापाने मरत. गुराखी म्हणत, गोचिडीने होते. शिकलेले लोक हसत. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि त्यांचे सहकारी किलबोर्न यांनी गुराख्यांचेच बरोबर असल्याचे सिद्ध केले. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो १८९७ साली, म्हणजे त्याच्याही चार वर्षांनी. मग १९०६ पासून तिकडे मोहीम सुरू झाली. औषधी पाण्याचे हौद बांधून दर पंधरवड्याला सगळी गुरे त्यांतून चालवायची, कोणाचे एक जनावर सोडायचे नाही. काही शेतकऱ्यांनी विरोध केला, हौद सुद्धा फोडले. पण १९४३ च्या सुमाराला जवळजवळ सारा देश त्या तापातून सुटला. त्यांनी जे केले ते औषधापेक्षाही दोन गोष्टींवर केले: सगळ्यांनी मिळून, आणि नेमाने पुन्हा पुन्हा.

दोन्ही गोष्टी आपल्या पाड्यावर होण्यासारख्या आहेत. तुम्ही एकट्याने आपला बैल स्वच्छ केला आणि शेजाऱ्याचा तसाच राहिला, तर दोघे एकाच माळावर चरतात, एकाच झाडाखाली बसतात. आठ दिवसांत बरोबरी होते. म्हणून पाड्याने एक दिवस ठरवावा. गाय, बैल, रेडा, शेळी, आणि हो, कुत्राही. औषध पशुवैद्याकडून आणि त्याच्या मापानेच घ्यावे. पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा लावावे, कारण त्या तीन आठवडे अंगावर राहणाऱ्या गोचिडीची नवी पिल्ले मधल्या काळात चढलेली असतात. ती भरून गळण्याआधी गाठली पाहिजेत. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्याने गोचिडी त्याला सरावतात, तेव्हा बदल कधी करायचा हेही त्यालाच विचारावे.

एक इशारा द्यायचा आहे, आणि तो घोलवड-बोर्डी-डहाणूच्या बागाईत पट्ट्याला विशेषेकरून. चिकूवर फवारायचे औषध घरात असते. “कीडच मारायची ना?” म्हणून ते गुरांवर मारू नका. झाडाचे औषध जनावराच्या कातडीतून आत जाते. लाळ गळते, अंग थरथरते, आणि जनावर आडवे होते. गुरांचे औषधसुद्धा विषच असते. लावण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, भर उन्हात किंवा पावसात लावू नका, अंग वाळेपर्यंत त्याला चाटू देऊ नका, जखमेवर लावू नका, आणि सडांना औषध लागले असेल तर ते दूध घरात घेऊ नका. दूध किती दिवस वापरायचे नाही ते पशुवैद्याला विचारा. लहान वासरांसाठी माप वेगळे असते. करंजाचे व कडुनिंबाचे तेल चोळायची जुनी रीत वाईट नाही, माश्याही त्याने थोड्या दूर राहतात. पण अंगभर गोचिडी झालेल्या जनावराला नुसत्या तेलावर ठेवणे बरोबर नाही.

माश्यांचा उल्लेख निघालाच आहे, तर दोन शब्द. रक्त पिणाऱ्या मोठ्या गोमाश्या सर्रा नावाचा रोग वाहतात. त्याचा जंतू ग्रिफिथ एव्हान्स ह्या पशुवैद्याने १८८० साली उंट-घोड्यांच्या रक्तात पाहिला. आणि २०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यातून सुरू होऊन महाराष्ट्रभर गेलेला लंपी चर्मरोग सगळ्यांना आठवत असेलच. तोही चावऱ्या माश्या, डास, गोचिडी यांच्यामार्फत पसरतो. त्यावर शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचून तो पुष्कळ आवरला गेला. माणसाला तो होत नाही. माश्यांचा उपाय उकिरड्यात आहे: तो गोठ्यापासून दूर आणि मातीने झाकलेला असावा.

नवीन जनावर विकत आणले, मग ते अच्छाडच्या पलीकडून असो की शेजारच्या बाजारातून, ते लगेच दावणीला बांधू नये. दोन आठवडे वेगळे, झाडाखाली बांधा, गोचिडी काढा, औषध लावा.

दिवस कोणते धरावेत? मी म्हणेन, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा आटोपली की लिंपायला घ्या. चैत्र पौर्णिमेनंतर ऊन कडक असते, माती लवकर वाळते, आणि पावसाच्या आधी भिंत पक्की होते. दुसरा दिवस वाघबारशीचा. गुरांच्या रक्षणाकरिता वाघदेवाला नमस्कार करतो, त्याच सुमाराला गुरांच्या अंगावर औषध पडू द्या. पूर्वी वाघ एखादे गुरू नेई. आता डहाणूच्या रानात वाघ दिसत नाही, गोचीड मात्र रोज थोडे थोडे नेते. वाघबारशीच्या दिवसांचे आणखी एक कारण आहे. भात घरात आले की पुष्कळ कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, आणि गुरे म्हाताऱ्या आईबापांकडे किंवा भाऊबंदांकडे राहतात. एकदा तरणी माणसे निघून गेली की बैल धरायला कोणी नसते. पहिली फवारणी त्यांनी जाण्याआधी करावी आणि दुसरीची तारीख मागे राहणाऱ्यांना सांगून जावे.

आता गुरुजींकडे वळतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. गुराख्याचे पोर गुरांबद्दल जे जाणते ते धरून शिकवावे, ही त्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोचीड कुठे बसते हे तुमच्या वर्गातल्या मुलांना तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक आहे: कानात, शेपटीखाली, कासेजवळ, पायांच्या खोबणीत. पशुवैद्याकडून स्पिरिटमध्ये ठेवलेल्या दोन-चार गोचिडींची बंद बाटली मागून घ्या. भिंग देऊन मुलांना पाय मोजू द्या, पट्टेरी पाय ओळखू द्या. जिवंत गोचीड शाळेत आणायला मात्र सांगू नका. पाड्याचा नकाशा फळ्यावर काढून कोणत्या घरी औषध झाले, दुसरे कधी, याच्या खुणा मुलांकडून करवून घ्या. आश्रमशाळेतली मुले सुट्टीत घरी जातात, त्यांच्या वहीत ती तारीख लिहून द्या. आजोबा शिक्षणाधिकाऱ्याचे ऐकणार नाहीत, पण नात म्हणाली, “बाबा, नखाने फोडू नका, पिशवी घाला हाताला,” तर ऐकतील असा माझा अनुभव आहे.

शेवटची गोष्ट माणसाच्या अंगावरच्या गोचिडीची. रानातून किंवा गोठ्यातून आल्यावर काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, मुलांच्या केसांत पाहावे. चिकटलेली दिसली तर विडीचा चटका देऊ नये, रॉकेल ओतू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. त्यानंतर दोन आठवड्यांत एकदम ताप, अंग मोडून येणे, मान-पाठ दुखणे, डोळ्यांना उजेड न सोसणे, किंवा हिरड्यांतून, नाकातून रक्त असे काही झाले, तर अंगावर काढू नका आणि भगताकडे दिवस घालवू नका. तलासरीचे, कासाचे किंवा डहाणूचे सरकारी रुग्णालय गाठा. बहुतेक वेळा तो हिवताप नाहीतर दुसरा काही ताप निघेल. पण केसपेपर लिहिणाऱ्याला पहिल्यानेच सांगा: माझ्या घरी गुरे आहेत, आणि अमुक दिवशी मी गोचीड काढली होती. हे एक वाक्य ऐकले म्हणजे डॉक्टर रक्ताची योग्य ती तपासणी सांगतील, आणि परिचारिका तुम्हाला हात लावण्याआधी हातमोजे घालील.